मांजर पाळलं आणि रेस्क्यूच्या नादाला लागलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही संस्था वगैरे नाही. डोंबिवली-ठाण्याकडचे मांजरवेडे लोक, प्रत्येकाच्या घरी एकदोन मांजरं आणि त्यापायी हा उद्योग मागे लागलेला. नोकऱ्या सांभाळून करतो, त्यामुळे मेसेजला उत्तर उशिरा येतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

एका पाळीव मांजरापासून माणूस रेस्क्यूपर्यंत पोचतो तरी कसा?

ठरवून कोणीच येत नाही हो. घरात मांजर आलं की आधी नजर बदलते. पूर्वी पार्किंगमधून जाताना मांजर म्हणजे मांजर, बास. आता लांबूनच कळतं की तो बोका मागचा पाय टेकवत नाहीये, त्या मनीचं पोट खाली लोंबतंय म्हणजे ती पाजतेय आणि पिल्लं इथंच कुठेतरी जिन्याखाली आहेत. माझ्या चिंगीला दोन शिंका आल्या तरी मी डॉक्टरना फोन लावते, आणि अगदी तिच्यासारखीच तीनरंगी मांजर खाली चिकनवाल्याच्या दुकानासमोर चिकटलेल्या डोळ्यांनी बसलेली असते. दोघींत फरक काय तर एक आमच्या दारातून आत आली, दुसरी नाही आली. हे एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही.

मग सुरू होतं वाटीभर खाण्यापासून. वाटीभर खाणं खाणारी मनी दोन महिन्यांनी चार पिल्लं घेऊन येते, त्यातली दोन गाडीखाली जातात, उरलेल्या दोघांतली एक पाच महिन्यांची होते न होते तोच स्वतः गाभण, आणि तेव्हा लक्षात येतं की नुसतं खायला घालून आपण काहीच सोडवत नाहीये. तिथून पुढे जो नसबंदीच्या मागे लागतो तो रेस्क्यूवाला. बाकी सगळं, म्हणजे रात्रीबेरात्री पिल्लं उचलणं, फोटो टाकणं, घरं शोधणं, हे त्याच्या मागून येतंच.

मला एवढं सगळं नाही जमणार, फक्त खायला घातलं तर चालेल ना?

चालेल की. पण एक वेळ आणि एक जागा ठरवा, लोकांच्या दाराशी किंवा गाड्यांच्या मधे नको, आणि अर्ध्या तासाने वाटी उचला, कारण सोसायटीतली निम्मी भांडणं मांजरांवरून नाही, उरलेल्या भातावर येणाऱ्या मुंग्या आणि उंदरांवरून होतात. दूध-पोळी नको, मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही. उकडलेलं चिकन, त्यात काळीज असलं तर उत्तम, किंवा मांजरांचं ड्राय फूड. कुत्र्यांचं फूड स्वस्त पडतं म्हणून तेच घालणारे बरेच आहेत, पण मांजराला टॉरिन (मांसातून मिळणारा पोषक घटक) बाहेरून मिळावंच लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. आणि तुम्ही रोज खायला घालताय म्हणजे ती मांजरं तुमच्या हाताला ओळखतात, त्यांना नसबंदीसाठी पकडणं तुमच्याइतकं सोपं दुसऱ्या कोणालाच नाही. तर तेवढं एक काम अंगावर घ्याच.

पिल्लू एकटंच रडतंय, उचलून आणू का?

थांबा. लगेच उचलू नका, आधी लांब उभं राहून बघा. आई खायला गेलेली असते किंवा जागा बदलत असते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही, एकेक करून नेते आणि तेवढ्यात मधलं पिल्लू आपल्याला अनाथ वाटतं. पिल्लू गोल गरगरीत असेल, गरम असेल, शांत झोपलेलं असेल तर आई आहेच, दोन-चार तास वाट बघा. तुम्ही जवळ उभे असेपर्यंत ती येणार नाही हेही लक्षात घ्या.

लगेच उचलायचं कधी: अंग गार लागतंय, मुंग्या लागल्यात, पावसात भिजलंय, जखम आहे, कुत्री मागे आहेत, किंवा कोणीतरी खोक्यात घालून टेकवून गेलंय. खोक्यात आई येत नाही. पावसाळ्यात बॉनेटमध्ये शिरलेली पिल्लं फार असतात, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावून घ्या.

उचललं. आता घरी आहे, डोळे पण उघडले नाहीयेत, काय करू?

आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकला की पिल्लू जातं. गार पडलेल्या पिल्लाला पचत नाही, त्यामुळे त्याच्या तोंडात काहीही घालू नका. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळा, खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत त्याला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही.

गाईचं-म्हशीचं दूध नको. जुलाब लागतात आणि शंभर-दोनशे ग्रॅमच्या जिवाला जुलाब परवडत नाहीत. पेट शॉपमध्ये पिल्लांची मिल्क पावडर मिळते, ती आणा. सुईशिवायची छोटी सिरिंज किंवा पिल्लांची बाटली. आणि पाजताना माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही, हे शंभरदा सांगितलं तरी व्हिडिओ तसेच येतात! पोटावर ठेवायचं, आईला पितं तसं, मान किंचित वर. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. थेंब थेंब सोडा. नीट प्यायला लागलं की त्याचे कान प्रत्येक घोटाबरोबर मागेपुढे हलतात आणि पुढचे पंजे हवेत दाबल्यासारखे करतं, ते दिसलं की समजा जमलं.

पहिले एकदोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, हो रात्रीसुद्धा. दूध झालं की कोमट पाण्यात कापूस भिजवून शेपटीखाली हलक्या हाताने पुसत राहायचं, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही, आई चाटून करते ते काम आपण करायचं. रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर वजन करा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. वजन थांबलं म्हणजे डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि त्या भागात पाजणारी दुसरी मनी असेल तर आधी आम्हाला विचारा. बऱ्याच मनी परकं पिल्लू सहज घेतात, आपल्या सगळ्या सिरिंजांपेक्षा ते कितीतरी चांगलं.

पिल्लू किती दिवसांचं आहे ते कसं ओळखायचं?

नाळ लटकतेय म्हणजे जेमतेम चार-पाच दिवस. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. कान तिसऱ्या आठवड्यात ताठ उभे राहतात, पुढचे दात पण त्याच सुमारास दिसतात. महिन्याचं झालं की साधारण अर्धा किलो, दोन महिन्यांचं साधारण एक किलो. आणि डोळे निळे आहेत म्हणून 'पर्शियन क्रॉस आहे का' विचारू नका, सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात, दीड-दोन महिन्यांत बदलतात.

बाहेरचं पिल्लू आणलं तर माझ्या घरच्या मांजराला काही होईल का?

होऊ शकतं, आणि ह्याबाबतीत आम्ही कडक आहोत. पॅनल्युकोपेनिया नावाचा रोग आहे, कुत्र्यांच्या पार्वो रोगाचा भाऊबंद. पिल्लू कालपर्यंत उड्या मारत होतं आणि आज खात नाही, उलट्या करतं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही. हे चित्र बघितलं की आम्ही फोनवरच ओळखतो. औषध असं खास नाही, सलाइन आणि सपोर्टवर धरून ठेवायचं, आणि लहान पिल्लांतली फार कमी वाचतात. विषाणू घरात वर्षभर सुद्धा टिकतो, तुमच्या चपलेवरून येतो. फिनेल, सॅनिटायझर कशालाच तो दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, आधी जागा धुऊन मग एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि नंतर साध्या पाण्याने पुसायचं.

म्हणून रेस्क्यूचा विचार मनात आला की पहिलं काम स्वतःच्या मांजराचं व्हॅक्सिन. ट्रायकॅट (पॅनल्युकोपेनियासकट तीन रोगांवरची लस) आठ-नऊ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे, आणि रेबीजचं तीन महिन्यांनंतर. नवीन पिल्लू चौदा दिवस वेगळ्या खोलीत. वनरूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार हा प्रश्न आम्हाला मान्य आहे, बहुतेकांचा क्वारंटाइन वॉर्ड म्हणजे बाथरूमच असतो. वाट्या वेगळ्या, कपडे बदलायचे, हात धुवायचे. त्या चौदा दिवसांत दोघांचे टॉवेल अदलाबदल नका करू, ते एकमेकांचा वास ओळखायचं प्रकरण क्वारंटाइन संपल्यावर.

नसबंदी म्हणजे पाप नाही का? एकदा तरी आई होऊ द्यावं म्हणतात.

मांजरीला आई व्हायची हौस नसते, हार्मोन असतात. गाभणपण साधारण नऊ आठवड्यांचं, चार-पाच महिन्यांची असताना पहिल्यांदा राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहते. ज्याला हे पाप वाटतं त्याने एकदा जुलैत आमच्याबरोबर फिरून बघावं, मग आपण बोलू. घरच्या मादीला नसबंदीने गर्भाशयात पू व्हायचा धोका राहत नाही आणि लवकर केली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही बराच कमी होतो. बोक्यांची केली की भिंतीवर फवारे मारणं, रात्रभर ओरडणं आणि मारामाऱ्या खूप कमी होतात, म्हणजे सोसायटीच्या तक्रारी पण.

रस्त्यावरच्या मांजरीला पकडायचं कसं ते सांगते, कारण सगळ्यांना तेच अवघड वाटतं. आदल्या दिवशी खाणं बंद, तिथल्या बाकीच्या खायला घालणाऱ्यांनाही सांगून ठेवायचं, नाहीतर कोणीतरी मावशी प्रेमाने बांगडा घालून जाते आणि आपला ट्रॅप, म्हणजे पकडायचा पिंजरा, रात्रभर रिकामा. ट्रॅपच्या तळाला वर्तमानपत्र, अगदी टोकाला वासाचं काहीतरी, आमच्याकडे भाजलेल्या सुकटीपुढे महागाच्या टूना टिनचं काही चालत नाही. मग लांब जाऊन बसायचं, मोबाइल सायलेंट. ती येते, वास घेते, अर्धी आत जाते, बाहेर येते, अंग चाटत बसते जसं काही तिला काही पडलेलीच नाही, परत आत. दार खटकन पडलं की त्या क्षणी वरून जाड चादर टाकायची, अंधार झाला की ती दोन मिनिटांत शांत होते. चादर विसरलात तर जाळीवर आपटून नाक फोडून घेते.

ऑपरेशननंतर बोका एखाद्या दिवसात, मादी चार-पाच दिवस देखरेखीखाली, आणि मग जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर घाबरू नका, भुलीत असतानाच कापतात, नसबंदी झाली ही खूण म्हणजे कोणी तिला परत पोट फाडायला नेणार नाही.

नसबंदी करायची कुठे?

मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. मुंबईत मांजरांच्या नसबंदीचं खास काम फेलाइन फाउंडेशन करते, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट जखमी जनावरांसाठी आहे. वेळा आणि नियम बदलतात, आधी फोन करून जा. खासगी डॉक्टरकडे मादीच्या ऑपरेशनला काही हजार लागतात, पण 'रस्त्यावरची आहे, मी खर्च करतोय' असं स्पष्ट सांगितलं तर बरेच डॉक्टर कमी करतात. मागायला लाजू नका.

पकडताना चावलं. टिटॅनस घेतलं तर पुरे ना?

नाही. ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. रेबीज मांजरापासूनही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. इंजेक्शनं पालिकेच्या, सरकारी दवाखान्यात मिळतात, ठरलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे, दोन घेऊन 'बरं वाटतंय' म्हणून सोडायचे नाहीत. मांजराचे दात सुईसारखे, वरून भोक बारीक दिसतं पण आत घाण खोल जाते, हात सुजला तर वेगळं अँटिबायोटिक लागतं. नियमित रेस्क्यू करणार असाल तर आधीच घ्यायचे डोस असतात, त्याबद्दल डॉक्टरना विचारा. आमच्याकडे ते न घेतलेल्या माणसाला ट्रॅप मिळत नाही.

सून प्रेग्नंट आहे, सासूबाई म्हणतात मांजर सोडून या.

हा प्रश्न दर महिन्याला येतो. टोक्सोप्लाझ्मोसिस नावाच्या, पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गाची भीती असते. त्याचे जंतू मांजराच्या शीमधून येतात, पण शी पडल्यावर ते संसर्ग करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस जातात, म्हणजे रोजच्या रोज लिटर (मांजराच्या शी-शूचा वाळूचा ट्रे) साफ केलं आणि ते काम नवऱ्याने केलं तर प्रश्न बराचसा मिटला. कच्चं-अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी ह्यातून लागण होण्याची शक्यता जास्त. तुमच्या गायनॅकला विचारा, ब्लड टेस्ट आहे. आणि सासूबाईंना आमच्याशी बोलायचं असेल तर खरंच नंबर द्या, आमच्यातल्या दोन काकू ह्या विषयात तयार आहेत.

सोसायटीवाले म्हणतात मांजरं उचलून लांब सोडा, नाहीतर विष घालू.

असं कोणी लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. प्राण्याला मारणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पाळलेलं जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात येतं, फक्त तिथला दंड अजून १९६० चाच, पहिल्या वेळी फार तर ५० रुपये, तेव्हा त्याची भीती कोणाला वाटत नाही. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक आहे, प्रिंट काढून सेक्रेटरीला द्या.

पण खरं सांगू, कायदा शेवटी काढा. आधी मीटिंगला जाऊन सांगा की ह्या मांजरांची नसबंदी मी करतेय, पिल्लं व्हायची थांबतील, ओरडणं कमी होईल, जागा मी साफ ठेवीन. उचलून नेलीत तर रिकाम्या जागेत महिन्याभरात दुसरी येतील, त्यांची नसबंदी झालेली नसेल. उंदरांचा मुद्दा काढला की वरच्या मजल्यावरचे पण ऐकतात, तळमजल्यावरचे तर लगेच.

घरात कुठल्या गोष्टींनी मांजर मरू शकतं?

पॅरासिटामॉल, एक गोळी पुरे, ताप आला म्हणून अजिबात देऊ नका. फिनेलने पुसलेली ओली लादी, कारण ते पंजे चाटतं. कुत्र्याचं गोचिडीचं औषध, त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष. लिलीची फुलं. आणि उघडी खिडकी, मांजर पडत नाही हा गैरसमज आहे, कबुतरामागे उडी मारून चौथ्या मजल्यावरून पडलेली आम्ही बघितलीत. कबुतरजाळी नायलॉनची असते, मांजर ती कुरतडतं, तेव्हा मजबूत लोखंडी जाळी लावा. बोका सारखा लिटरमध्ये बसतोय आणि शू होत नाहीये तर ती इमर्जन्सी आहे, रात्र असली तरी निघा.

मला अडॉप्ट करायचंय, पांढरं पर्शियन आहे का?

असतात कधीकधी, आणि ती पण टाकलेलीच असतात. हौसेने विकत घेतात, मग रोज विंचरायचा कंटाळा, डोळ्यातून पाणी, अंगावर नायटा, आणि एक दिवस मार्केटच्या मागे सोडून देतात जिथे त्या बिचाऱ्याला भांडून खाणंसुद्धा माहीत नसतं. आम्ही देतो ती आपली साधी देशी. वाढदिवसाची भेट म्हणून देत नाही. खिडक्यांचा व्हिडिओ मागतो, घरातल्या सगळ्यांशी बोलतो, वेळ आली की नसबंदी करणार असं लिहून घेतो आणि नंतर फोटो मागत राहतो. राग येतो लोकांना. येऊ दे. शक्यतो जोडी न्या, दोन पिल्लं एकमेकांना दमवतात, तुमचा सोफा वाचतो.

काळं मांजर हवं म्हणणाऱ्याला आम्ही रांगेत पुढे घेतो, आडवं जाण्याच्या भानगडीमुळे ती मागे राहतात.

एकेक करत माझ्याकडे आता बरीच झालीत, थांबवू कसं?

हे विचारलंत ते बरं केलंत, कारण प्रेमातून सुरू झालेलं काम बिघडतं ते इथेच. मांजरांची नावं, कोणाचं व्हॅक्सिन कधी, काल कोण जेवलं नाही हे न बघता सांगता येत नसेल तर आकडा तुमच्या हाताबाहेर गेलाय. घराला वास मारतोय, घरचे बोलत नाहीत, डॉक्टरचं बिल उधार, आणि तरी फोन आला की 'आणा' म्हणताय, तर आधी नवीन घेणं बंद. 'माझ्याकडे जागा नाही' हे वाक्य रेस्क्यूतलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. एक दत्तक गेलं की एक घ्यायचं, एवढा साधा नियम. आम्ही तुमच्याकडे येऊन फोटो काढून अडॉप्शन पोस्ट करू शकतो, कोणी नावं ठेवणार नाही.

एवढं करून पिल्लं मरतात तेव्हा?

मरतात. दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोलत नाही, मग कोणीतरी वॉचमन काकांनी पाठवलेला नवीन फोटो टाकतं. ज्याला त्या दोन दिवसांत मोबाइल बंद ठेवायचाय त्याने ठेवावा, आम्ही कारण विचारत नाही.

पैसे पाठवू का?

आमच्या खात्यावर नको. चालू केसचं क्लिनिकचं बिल आम्ही टाकतो, ते थेट क्लिनिकला भरा. किंवा ड्राय फूडची पिशवी, जुने टॉवेल, वर्तमानपत्रं. कुठल्याही ग्रुपवर बिलाशिवाय 'अर्जंट' म्हणून पैसे मागत असतील तर क्लिनिकला एक फोन करून खात्री करा, फसवाफसवी बरीच चालते.

माझं मांजर तुम्ही ठेवून घ्याल का? बदली झालीय.

नाही, शेल्टर नाहीये आमच्याकडे. ट्रेनने, विमानाने मांजर नेता येतं, कागदपत्रं काय लागतात ते आम्ही सांगू. अगदीच शक्य नसेल तर निघायच्या दोन महिने आधी सांगा, आदल्या रात्री नाही.

ट्रॅप, कॅरिअर उधार मिळतं का?

मिळतं, डिपॉझिट ठेवून. ट्रॅप एकच धड आहे, नंबर लावावा लागतो, शनिवार-रविवार आधीच भरलेले असतात. कॅरिअर परत देताना ब्लीचने धुऊन, उन्हात वाळवून द्या, आणि आतला टॉवेल पण.